आधी पिशवी, मग बर्फ

मी ज्या दवाखान्यात काउंटरवर बसते, तिथे फक्त हाताचं काम होतं. बोटं, तळहात, मनगट, फार तर कोपरापर्यंत. चाकणला हायवेपासून थोडं आत, खाली टायरचं दुकान आणि वर आम्ही. नवीन माणसाला प्रश्न पडतो, की नुसत्या हातांवर दवाखाना कसा चालतो? पण आमच्या आजूबाजूला पत्रा दाबून त्याला आकार देणाऱ्या प्रेस इतक्या आहेत, की सकाळी मी दिवे लावायच्या आत बाकावर दोघंतिघं हाताला रुमाल गुंडाळून बसलेले असतात.

आमची वेबसाइट पहिल्यापासून इंग्रजीत होती. तिच्यावर दोन गोरे हात एकमेकांत गुंफलेले असा फोटो होता. ते हात कुणाचे, हे डॉक्टर मॅडमनाही माहीत नव्हतं. ही साइट कुणी वाचत असेल असं मला कधी वाटलं नाही. लोक यायचे ते कुणीतरी सांगितलं म्हणून, किंवा कंपनीची गाडी आणून सोडायची म्हणून.

मग एका दुपारी एक माणूस आला. डाव्या हाताला फडकं आणि उजव्या हातात जेवणाचा डबा. डबा त्याने काउंटरवर माझ्यासमोर ठेवला. मला वाटलं, आधी ठेवायला जागा हवी असेल. मी डबा बाजूला सरकवला तर तो म्हणाला, "मॅडम, उंगली उसमें है."

तुटलेलं बोट त्याने हळद लावून, कापसात गुंडाळून डब्यात आणलं होतं. मॅडमनी ते बघितलं, पुन्हा बघितलं, आणि त्याला आत नेलं. जखम शिवली, पण बोट काही जोडता आलं नाही. उशीर झाला होता, ऊन होतं, आणि हळदीने आतलं सगळं भरून गेलं होतं.

संध्याकाळी मॅडम माझ्या काउंटरपाशी येऊन उभ्या राहिल्या. आमच्या मॅडम पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. रागावल्या की अजून कमी बोलतात.

"त्याच्या खिशात फोन होता, ताई," त्या म्हणाल्या. "चांगला मोठा फोन. आणि बोट कसं आणायचं ते आपल्या वेबसाइटवर लिहिलेलं आहे. इंग्रजीत."

"मग मराठीत करू की, मॅडम. मी लिहिते."

"तो मराठी नव्हता."

हे खरंच होतं. मी त्याचा फॉर्म भरला होता, गावही मीच लिहिलं होतं, पण माझ्या डोक्यात ते आलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी माझ्यावर काम टाकलं. आपल्याकडे येणारे लोक कोणत्या भाषा वाचतात, ते शोधून काढा. मला हे काम दोन दिवसांचं वाटलं. फॉर्मवर गाव असतं, गावावरून राज्य कळतं, राज्यावरून भाषा. पण म्हटलं, विचारूनच घेऊ. म्हणून फॉर्म भरताना मी एक प्रश्न वाढवला, "भाषा कौनसी?" सगळे म्हणाले, हिंदी. अगदी तामिळनाडूकडचा एक ट्रकवालाही म्हणाला, हिंदी. त्यांना वाटत होतं, मी त्यांची परीक्षा घेतेय आणि पास व्हायचं तर हिंदी म्हणायला हवं.

मग मी प्रश्न बदलला. "घरी फोन लावला की कोणत्या भाषेत बोलता?" असं विचारलं, की माणूस जरा थांबायचा आणि हसायचा. मैथिली म्हणायचा, भोजपुरी म्हणायचा, ओडिया, बंगाली, छत्तीसगढी. एकाने सांगितलं, आईशी एक आणि बायकोशी दुसरी. मला ते ऐकायचा नादच लागला. बाकावर कुणी फोनवर बोलायला लागलं, की मी हातातलं काम थांबवून कान द्यायचे. शब्द कळायचे नाहीत, पण चाल वेगळी कळायची.

हा नाद मला लागला त्याला कारणही आहे. मी परभणीकडची. लग्न होऊन चिंचवडला आले तेव्हा वाण्याच्या दुकानात मी सहज म्हणाले, "पिशवी आणायलेय घरून, थांबा." दुकानातल्या दोन बायका एकमेकींकडे बघून हसल्या. मराठीच होती, पण माझी होती. पुढे मी "आणतेय" म्हणायला शिकले. कुणी शिकवलं नाही, लाजेने शिकले. त्यामुळे समोरचा माणूस "हिंदी" म्हणतो आणि डोळे खाली घालतो, तेव्हा तो काय झाकतोय याचा मला अंदाज येतो.

शेवटी चार भाषा ठरल्या. मराठी, हिंदी, ओडिया आणि बंगाली. बाकीच्यांना हिंदी वाचता येत होती. साइट करायला मॅडमनी चऱ्होलीची एक बाई शोधली. पस्तिशीची, घरूनच काम करणारी. सासर तिथलंच, जुन्या शेतकऱ्यांचं. शेतावर आता इमारती उभ्या आहेत आणि एका इमारतीत चौथ्या मजल्यावर तिचं कॉम्प्युटरचं टेबल आहे. तिने पहिल्याच आठवड्यात इंग्रजी साइट कॉम्प्युटरकडून चारही भाषांत करून घेतली आणि मला लिंक पाठवली.

मराठी पान उघडून मी बघतच राहिले. वर पहिलंच बटण होतं, "घर". शेजारी "पुस्तक भेट". मी तिला फोन लावला.

"अगं, हे पुस्तक कुणाला भेट द्यायचंय?"

"ताई, ते अपॉइंटमेंट बुक करायचं बटण आहे," ती म्हणाली आणि तिलाच हसू फुटलं. "आणि घर म्हणजे होम. पहिलं पान."

आम्ही हसलो खरं, पण चाचणीचं ते पान चुकून सगळ्यांना उघडत होतं. ते "घर" दोन दिवस तसंच राहिलं, आणि तेवढ्यात एका बाईने मला काउंटरवर विचारलं, "तुमचे डॉक्टर घरी पण येतात का हो? मोबाइलवर लिहिलंय." तेव्हा मला पहिल्यांदा नवल वाटलं, की कुणीतरी खरंच वाचतंय!

भाषा निवडायच्या बटणावरही असंच झालं. चऱ्होलीवालीने आधी प्रत्येक भाषेपुढे झेंडा लावला होता, कारण परदेशी साइटवर तसा असतो. आमच्या चारही भाषांपुढे तिरंगा आला. झेंडे काढले, तर यादी इंग्रजीत राहिली. मी तिला विचारलं, "ज्याला इंग्रजी येत नाही, तो या यादीत स्वतःची भाषा कशी शोधणार?" मग प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत लिहिलं. इतकी साधी गोष्ट, पण ती सुचायला आम्हा दोघींना पंधरा दिवस लागले.

मराठी मी स्वतः लिहायला घेतली. वहीत लिहायचे, खोडायचे. पहिल्या मसुद्यात मी "शस्त्रक्रिया", "रुग्ण", "अवयव", "प्रथमोपचार" असं सगळं भारदस्त लिहिलं. वाचून मला बरं वाटलं. दवाखान्याला शोभेल असं झालंय, असं वाटलं. हिंदीही मला जमण्यासारखी होती. अडचण होती ओडिया आणि बंगालीची. कॉम्प्युटरने पानं दिली होती, पण ती बरोबर आहेत की चूक, हे आमच्यात कुणालाच कळत नव्हतं. ओडिया अक्षरं मला सगळी एकसारखी गोल दिसायची.

त्या सुमारास आमच्याकडे प्रेस चालवणारा एक ओडिया ऑपरेटर रोज यायचा. चाळिशीचा, शांत. दोन बोटांच्या शिरा शिवल्या होत्या आणि आता बोटं वाकावीत म्हणून व्यायाम चालू होता. वाट बघताना तो फोनवर ओडियातल्या बातम्या वाचायचा. मी त्याला फोनवर आमचं पान उघडून दिलं आणि म्हटलं, "भाऊ, जरा बघा, ठीक आहे का?"

त्याने वरपासून खालपर्यंत वाचलं आणि फोन परत दिला. "ठीक है, दीदी."

मी खूश झाले. तसं मॅडमना सांगायलाही गेले. मॅडम तेव्हा दुसऱ्या एका पेशंटला व्यायाम शिकवत होत्या. त्यांनी त्याला विचारलं, "समजलं?" तो म्हणाला, "समजलं." मॅडम म्हणाल्या, "मग करून दाखवा." त्याने केलं ते पूर्ण उलटं होतं.

मी दारातच उभी होते. मागे फिरले आणि काउंटरवर आले. संध्याकाळच्या भाजीसाठी घेतलेली गाजरं माझ्या पिशवीत होती. त्यातलं एक मोडलं. खालच्या रसवाल्याकडून ग्लासभर बर्फ आणला. एक प्लास्टिकची पिशवी, एक स्वच्छ कापड आणि पाण्याची बाटली काउंटरवर मांडली आणि ऑपरेटरला हाक मारली.

"भाऊ, हे गाजर म्हणजे बोट. कुणाचं तरी आत्ता तुटलंय. तुमच्या भाषेत जे लिहिलंय, तसंच करा. मला सांगू नका, करून दाखवा."

त्याने गाजराकडे बघितलं, मग माझ्याकडे. बाकावरचे लोकही माना वर करून बघायला लागले. त्याने फोन डाव्या हाताने काउंटरला टेकवून ठेवला, एकेक ओळ वाचली आणि गाजर उचलून सरळ बर्फाच्या ग्लासात टाकलं. मग तो अख्खा ग्लास पिशवीत घातला आणि चांगल्या हाताने आणि दातांनी मिळून पिशवीला नीट गाठ मारली.

"लेके आ गया," तो म्हणाला.

तुटलेलं बोट उघडं बर्फात टाकलं, तर ते बर्फानेच मरतं. हे मॅडम आम्हा सगळ्यांना पहिल्या दिवशी शिकवतात. बोट ओल्या कापडात, कापड पिशवीत, पिशवीचं तोंड बंद, आणि मग ती बंद पिशवी बर्फाच्या पाण्यात. बर्फ बोटाला लागता कामा नये.

"भाऊ, असं लिहिलंय?"

"हाँ दीदी. लिखा है, बर्फ में रखके थैली में लाओ."

"मग मघाशी ठीक है का म्हणालात?"

तो जरा ओशाळला. "भाषा ठीक है. अच्छी ओडिया है. आपने भाषा पूछा था."

तो बरोबर बोलत होता. मी त्याला तेच विचारलं होतं.

मॅडमना बोलावलं. त्यांनी ग्लासातलं गाजर बघितलं आणि पिशवीची गाठ सोडून ते बाहेर काढलं. मग आम्ही इंग्रजी वाक्य काढून बघितलं. एकाच लांब वाक्यात गुंडाळा, घाला, ठेवा, आणा अशी चार कामं होती. भाषा बदलताना कामांचा क्रम उलटला होता. बर्फ आधी आला आणि पिशवी मागे राहिली.

"एका वाक्यात एकच काम लिहा," मॅडम म्हणाल्या. "आणि काय करायचं नाही, तेही वेगळं."

त्या दुपारी ऑपरेटर तासभर जास्त थांबला. मी हिंदीत एक वाक्य सांगायचे, तो त्याच्या फोनमध्ये ओडियात बोलायचा, फोन ते लिहून घ्यायचा. शेवटी त्याने स्वतःचंच वाचून पुन्हा एकदा गाजर बांधलं. या वेळी बंद पिशवी बरोबर बर्फाच्या पाण्यात गेली. बंगालीसाठी वरच्या मजल्यावर कपाटं बनवणाऱ्या एका सुताराला खाली बोलावलं. तोही पहिल्या वेळी चुकला, पण वेगळ्याच जागी. त्याने कापड ओलं केलंच नाही, कारण त्याच्या पानावर "ओलं" हा शब्दच आला नव्हता.

मराठीची परीक्षा घ्यायची गरज मला वाटली नव्हती. ती तर मी लिहिली होती. पण शेवटच्या दुरुस्त्यांसाठी मी रविवारी चऱ्होलीला गेले, तेव्हा चऱ्होलीवालीचे सासरे हॉलमध्ये बसले होते. सत्तरीचे, पांढरा सदरा, कानावर चष्म्याची दोरी. सुनेने त्यांच्या हातात फोन दिला आणि स्वयंपाकघरातून एक भेंडी आणून पुढे ठेवली.

"ह्ये काय?"

"बोट आहे, मामा. तुटलेलं. वाचा आणि तसं करा."

ते मोठ्याने वाचायला लागले. "विलग... झालेला... अवयव..." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "ह्ये कुनी लिवलंय?"

"मीच," मी म्हटलं.

"बोट म्हनायचंय व्हय?"

"हो."

"मंग बोट म्हना की. मानसाचं बोट तुटलंय, त्यो काय अवयव अवयव करत बसंल का?"

पुढे त्यांनी वाचलं, "स्वच्छ करून." ते उठले, भेंडी घेऊन बेसिनपाशी गेले, साबण लावला आणि हातावर हात चोळावा तशी भेंडी चोळून चोळून धुतली. सून मला डोळ्यांनी खुणावत होती. मी खाली बघत होते.

"मामा, घासायची नाही ती," मी शेवटी म्हटलं. "नुसतं वरून पाणी सोडायचं. साबण लावायचा नाही."

"तसं लिवलंय कुठं? न्हाई लिवलं. तुमी लिवलंय स्वच्छ करून. मी क्येलं स्वच्छ." त्यांनी भेंडी नळाखाली शेवटची एकदा धरली आणि माझ्यापुढे ठेवली. तिच्यावरची लव सगळी गेली होती.

परतताना बसमध्ये मला स्वतःचा राग यायच्या ऐवजी कुतूहलच जास्त वाटत होतं. मराठी माझी, समोरचा माणूस मराठी, कॉम्प्युटर मध्ये नाही, तरी माझ्या मनातलं त्यांच्या हातात पोचलं नव्हतं. घरी गेल्यावर मी वही काढली आणि सगळं पुन्हा लिहिलं. "तुटलेलं बोट फेकू नका. त्याच्यावर हळद, तेल, पावडर काही लावू नका. माती लागली असेल तर वरून नुसतं पाणी सोडा. घासू नका." लिहिताना मला परभणीची माझी आई बोलतेय असं वाटत होतं. तीही असंच एकेक तुकडा तोडून सांगायची.

साइट चार भाषांत सुरू झाली. पेढे वगैरे काही नाही. एका सोमवारी सकाळी चऱ्होलीवालीचा मेसेज आला, "ताई, चालू केलंय." आम्ही ते पान छापून कंपन्यांच्या गेटवरही लावायला दिलं, फोनने उघडता येईल अशा चौकोनी खुणेसह.

साधारण महिन्याभराने सकाळच्या शिफ्टमधून एक ओडिया कामगार आला. त्याला घेऊन त्याचा सोबती आला होता. सोबत्याने काउंटरवर स्टीलचा डबा ठेवला. आत बर्फाचं पाणी, त्यात तोंड बंद केलेली पिशवी, पिशवीत ओलं कापड. अगदी पानावर लिहिलं होतं तसं. मी डबा घेऊन जवळजवळ पळतच आत गेले.

दोन तासांनी मॅडम बाहेर आल्या आणि त्यांनी मान हलवली. बोट आणलं होतं व्यवस्थित, पण प्रेसखाली ते चिरडलं होतं. कापलं गेलं असतं तर जोडता आलं असतं. चिरडलेल्या शिरा जोडता येत नाहीत.

मॅडम म्हणाल्या, "ताई, त्यांनी त्यांचं काम बरोबर केलं. आपणही केलं." आणि त्या हात धुवायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी साडेअकराच्या सुमाराला दवाखान्याचा फोन वाजला. पलीकडे एक बाई होती, आणि ती ओडियात भरभर बोलत होती. मला फक्त त्या कामगाराचं नाव कळलं. ते तिने तीनदा घेतलं. सुदैवाने आमचा ऑपरेटर आतल्या खोलीत स्पंजचा चेंडू दाबत बसला होता. मी फोन घेऊन त्याच्याकडे गेले. त्याने ऐकलं, दोन वाक्यं बोलला आणि फोनवर हात ठेवून मला म्हणाला, "कल वाले पेशंट की औरत है, गाँव से. उसको किसी ने अपना पेज भेजा. उसने पूरा पढ़ा है. पूछती है, जुड़ गया ना?"

आम्ही ते पान चाकणमधल्या कामगारासाठी लिहिलं होतं, अपघात झाला त्या घटकेसाठी. ते इतक्या लांब, एका घरात बसून, ज्या बाईला कुणी काही सांगत नाही ती वाचेल, हे आमच्यापैकी कुणाच्याही मनात आलं नव्हतं. आणि पानावर सगळं होतं, फक्त एवढंच नव्हतं, की हे सगळं नीट केलं तरी कधीकधी बोट जोडता येत नाही. तिने वाचलं, तिच्या माणसाच्या सोबत्याने सगळं तसंच केलं, मग बोट जोडलं गेलंच असणार, असा तिचा साधा हिशेब होता.

"बता दूँ?" ऑपरेटरने विचारलं.

"थांबा," मी म्हटलं. पेशंटला न विचारता घरी काही सांगायचं नाही, हा आमचा नियम आहे. मी फोन घेऊन वॉर्डात गेले. तो उशीवर हात उंच ठेवून पडला होता. बायकोचा फोन आहे म्हटल्यावर त्याचं तोंडच उतरलं.

"उसको किसने बताया?"

"कुणीतरी आमचं पान पाठवलं. तिने वाचलंय. आता ती विचारतेय."

मग त्याने चांगला हात पुढे केला. मी फोन दिला आणि बाहेर आले. दाराच्या काचेतून दिसत होतं, तो आधी नुसता ऐकत होता. मग थोडं बोलला. ऑपरेटर माझ्या शेजारी उभा होता, त्याला आतलं बोलणं कळत होतं. मी विचारू नये ते विचारलं, "काय म्हणाला?"

"बोला, बाकी चार हैं."

त्या आठवड्यात मॅडमचा आणि माझा पहिल्यांदा वाद झाला. मी म्हणत होते, पानावर "जोडता येईलच असं नाही" असं लिहिलं, तर लोक बोट आणणारच नाहीत. मॅडम म्हणत होत्या, लिहिलं नाही, तर लोक आपल्याला खोटं ठरवतील. शेवटी दोन पानं करायचं ठरलं. एक जखम झालेल्यासाठी, जसं होतं तसं. दुसरं घरच्यांसाठी. ऑपरेशनला किती वेळ लागतो, भूल कशी देतात, हात उंच का ठेवतात, कोणत्या वेळी फोन करावा, आणि बोट जोडता आलं नाही तर पुढे काय असतं. शेवटचा भाग मॅडमनी स्वतः लिहिला. माझ्यापेक्षा सोपा लिहिला.

त्यानंतर गावाकडून फोन वाढले. ते लोक आता नेमकं विचारायचे. टाके कधी काढणार, डाव्या हाताने जेवतोय का. चऱ्होलीवाली मला सांगायची, घरच्यांचं पान आता जास्त उघडलं जातं, आणि ते चाकणहून नाही, लांबून. आम्ही दोघी त्या गावांची नावं फोनवर एकमेकींना वाचून दाखवायचो आणि नकाशात शोधायचो.

अगदी अलीकडची गोष्ट. झारखंडचा एक तीस-पस्तिशीचा माणूस मनगटाच्या ऑपरेशनसाठी दाखल झाला. मी नेहमीसारखं विचारलं, "घरी फोनवर कोणत्या भाषेत बोलता?"

"हो," तो म्हणाला.

"हो काय? भाषा कोणती?"

"हो."

मला वाटलं, माझं बोलणं त्याला कळत नाही. मी सावकाश, हिंदीत विचारलं. त्यानेही तितक्याच सावकाश सांगितलं, "मैडम, हो. मेरी भाषा का नाम हो है."

मी पेन खाली ठेवलं आणि हसायलाच लागले. त्याला सांगितलं, आमच्यात हो म्हणजे हाँ. मग तोही हसला, आणि पुढे मी काहीही विचारलं की मुद्दाम "हो" म्हणायला लागला.

मी त्याला घरच्यांचं पान हिंदीत उघडून दिलं. तो म्हणाला, मी वाचेन, पण माझ्या आईला हिंदी येत नाही. हो भाषेत लिहिलं तरी तिला वाचता येणार नाही. ती वाचतच नाही.

"मग?"

"बोलके भेज सकते हैं?"

मी मॅडमना विचारलं, मॅडमनी चऱ्होलीवालीला विचारलं. ती म्हणाली, पानावर आवाज ठेवता येतो, त्यात काहीच अवघड नाही. हे आधी का सुचलं नाही, असं म्हणून ती स्वतःवरच चिडली.

प्लास्टर घालतात ती खोली आमच्याकडे सगळ्यात शांत. खाली टायरवाल्याची हवेची मशीन बंद व्हायची वाट बघितली, पंखा बंद केला आणि दुपारच्या जेवणाच्या वेळात तो माझ्या फोनसमोर बसला. एका हाताला पट्टी, दुसऱ्या हातात हिंदी कागद. एकेक वाक्य वाचायचा आणि मग त्याच्या भाषेत सांगायचा. मला एकही शब्द कळत नव्हता. ऑपरेशन, डॉक्टर, एवढे दोन मधूनमधून ऐकू यायचे. आवाज मात्र हळूहळू बदलला. सुरुवातीला तो बातम्या दिल्यासारखा बोलत होता. मग कागद खाली ठेवला आणि नुसताच बोलायला लागला. कागदावर उरलेल्या दोन ओळींना बरीच मिनिटं लागली.

त्याचं झाल्यावर मी फोन बंद केला. "कागदापेक्षा बरंच जास्त झालं. काय काय सांगितलंत?"

तो जरा लाजला. म्हणाला, आई आधी हेच विचारणार, म्हणून सांगून टाकलं, की इथे भात मिळतो, आणि काउंटरवरच्या बाई रागीट नाहीत.

मॅडमनी ते ऐकलं आणि विचारलं, यातलं काय कापायचं? मी म्हटलं, काहीच नको. चऱ्होलीवालीने ते तसंच पानावर चढवलं.